पूजेतला लॅपटॉप

दादाला लॅपटॉप पातळच पाहिजे होता, आणि तोही गेमिंगचा. "आबा, इंजिनिअरिंगला ह्योच लागतोय. रोज एसटीतनं इस्लामपूरला न्यायचा, जाडा कोण वागवणार?" फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या आबांनी मुकाट्यानं घेऊन दिला. मीही त्याच कॉलेजात शिकते, पण माझं प्रोजेक्ट फुटक्या काचेच्या मोबाईलवर. लॅपटॉप मागितला की दादा म्हणायचा, "हात लावू नगंस, लय तापतोय."

खंडेनवमीला आबांनी विळा, कोयता मांडला. शेजारी लॅपटॉप ठेवून त्यालाही हळदकुंकू लावलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

अकरा वाजत आले तसा दादा घामाघूम झाला. "आवं आबा, द्या की. माझी टूर्नामेंट हाय. त्यात अभ्यासाचं काय बी न्हाई, नुसता गेम हाय. कशाला पुजताय त्याला?"

आबांनी लॅपटॉपकडं गेलेला त्याचा हात बाजूला केला. मग मला म्हणाले, "अंजना, दसरा झाला की ह्यो तू घे."

 

टूर्नामेंटची वेळ बघूनच मी सकाळी आबांना म्हणाले होते, "दादाचं हत्यार मांडायचं राहिलं की."