बाराच्या आतली उत्तरं

प्रोग्रॅम पुन्हा पडला तेव्हा सव्वादहा वाजले होते.

कमलाकांत पडद्याकडे बघतच राहिला. अकरा दिवसांत ही नववी वेळ. लॅबमधून कुणी सामाईक फाइल उघडली की युनिक्सच्या मोठ्या मशीनवरचा, सगळ्यांना जोडणारा त्याचा प्रोग्रॅम मान टाकायचा, आणि बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यातले सातही पीसी एकमेकांना पारखे व्हायचे. प्रोग्रॅम फुकट मिळालेला, पण या मशीनवर तो कंपाइल, म्हणजे मशीनच्या भाषेत बांधून, त्याने स्वतः केला होता. तेव्हा मशीनने एकही चूक दाखवली नाही. चालू केला की मात्र अर्ध्या तासात आडवा.

"कुणी हात लावला का याला?"

खोलीत दोघंच होते. शिपाई भिका आणि टायपिस्ट नलूताई राऊत. नलूताईंनी नुसती मान हलवली.

"तोंडाने सांगा ना!"

"सायब, त्या बारापर्यंत नाय बोलनार," भिका म्हणाला. "मौन हाय त्यांचा. रोजचाच."

"आणि बोलल्या तर देव पगार कापतो काय?"

नलूताई हसल्या आणि टायपिंगला लागल्या.

पुढच्या शनिवारी मुंबईहून मालक येणार होते. तोवर चाललं नाही तर मशीन परत जाणार होतं, आणि मशीनमागोमाग कमलाकांतही. त्याची नेमणूक सहा महिन्यांची होती. सासऱ्यांना त्याने ती कायमची म्हणून सांगितली होती, आणि त्या भरवशावर पालघरला खोली घेऊन बिऱ्हाड थाटलं होतं.

मशीनबरोबर तीन जाडजूड पुस्तकं आली होती. त्यातलं तिसरं, नेमकं कामाचं, कुठेच सापडत नव्हतं. त्याने कपाट उपसलं, भिकाला विचारलं, नलूताईंना विचारलं. त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

"खिडकी नका उघडू, ताई. धूळ येते."

खिडकीत त्यांचा तांब्या असे आणि लाल कापडात बांधलेली पोथी. जेवणाच्या सुट्टीत त्या पाठमोऱ्या बसून, ओळीवरून बोट फिरवत वाचायच्या.

शेवटी कमलाकांतने आपलं दुखणं परदेशातल्या जाणकारांच्या ई-मेल यादीवर कळवलं. कंपनीचा ई-मेलचा पत्ता एकच, आणि मोडेम नलूताईंच्या टेबलावर. जाणारी पत्रं त्याच धाडत, आलेली उतरवून घेत, आणि कमलाकांतचं काही असलं तर कागदावर छापून त्याच्यापुढे ठेवत.

उत्तर एकाच माणसाचं आलं. नाव नाही, खाली सही नाही. चार ओळी, स्वच्छ इंग्रजीत. पडल्यावर मशीन 'कोअर' नावाची फाइल मागे ठेवतं, ती पुसू नका, पडण्याचं कारण तिच्यात आहे. कमलाकांत रोज ती पुसत होता.

त्याने या माणसाचं नाव 'काका' ठेवलं. काकांची उत्तरं साडेदहा-अकराला यायची, बारानंतर कधीच नाही. त्याने बोटांवर मोजलं. इकडे सकाळचे अकरा, तर अमेरिकेच्या पश्चिमेला रात्रीचे साडेदहा. "साडेअकराला झोपत असणार," तो भिकाला म्हणाला.

"मंग त्यांना सांगा ना, सायब, जरा जागत बसा म्हनून."

बारा वाजले की नलूताई पिशवीतून चिकू काढायच्या. "घ्या, पालघरजवळच्या माहीमचे आहेत. आणि कमलाकांत, त्या मशीनचं एक सांगू का?"

"ताई, तुम्ही तुमची पत्रं बघा हो. यात डोकं घालू नका."

त्या चिकू ठेवून निघून जायच्या.

बुधवारी प्रोग्रॅम पुन्हा पडला. मशीनच्या कोपऱ्यावर नलूताईंनी सकाळी लावलेलं हळदकुंकू होतं. कमलाकांतचं डोकंच फिरलं. तो थेट मॅनेजर एकनाथरावांकडे गेला.

"ते कुंकू आत जातं, साहेब. मशीन टिकायचं कसं? त्यांना दुसरीकडे द्या."

"कुंकू कसला, सायब," चहा ठेवता ठेवता भिका बोलून गेला. "इथं तर रंगाच्या भुकटीनं कावळेबी लाल हायेत."

एकनाथरावांनी त्याला बाहेर पिटाळलं आणि नलूताईंच्या बदलीची चिठ्ठी लिहायला घेतली.

गुरुवारी काकांचं पत्र आलं. 'तुमच्या मशीनवर दोन कंपायलर आहेत. प्रोग्रॅम एकाने बांधलात आणि त्याला जोडलेली लायब्ररी दुसऱ्याची आहे. दोन्ही एकानेच बांधा.'

कमलाकांत चक्रावला. मशीनवर दोन आहेत हे त्याने कळवलंच नव्हतं. मग वाटलं, मुरलेला माणूस आहे, ओळखलं असेल. त्याने सगळं पुन्हा बांधलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. प्रोग्रॅम पडला नाही.

शनिवारी मालक नऊलाच आले, सातही पीसींवर एकच फाइल उघडून बघितली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता तारापूरचं युनिट आणि पालघरचं ऑफिस यात घ्या. महिन्याभरात करा, तुम्हाला कायम करतो."

कमलाकांतने लगोलग काकांना लिहिलं. आभार मानले, आणि पुढच्या कामाचे अकरा प्रश्न विचारले. काका असताना काळजी कसली?

बाराला दहा कमी असताना नलूताईंनी छापलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. तांब्या पिशवीत घातला, मशीनला हात जोडले आणि त्या बाहेर पडल्या.

"ताई, पोथी राहिली!" तो ओरडला.

त्यांनी वळून पाहिलं, मान हलवली आणि चालू लागल्या.

त्याने कागद उचलला. या खेपेला पत्र मराठीत होतं, इंग्रजी अक्षरांत.

'सोमवारपासून मी पॅकिंगमध्ये. तिथे मशीन नाही, तेव्हा पुढचे प्रश्न पाठवू नयेत. तिसरं पुस्तक खिडकीत आहे, लाल कापडात. उघडण्याआधी हात धुवावेत.'