दोघींची होडी

धाकटीने नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि नदीच्या तिसऱ्या वळणावर पेन्सिलीने फुली मारली.

"तंबू इथे ठोकू. सकाळी पुलाखालून होडी सोडायची. निवांत वल्हवत गेलो तरी चारच्या आत पोचतो. काठाला सगळी वाळूच आहे. अंधार पडला की पाठ टेकायची आणि नुसतं वर बघत राहायचं."

थोरली समोर बसून मटार सोलत होती. दोघी बहिणींचा हा बेत गेले तीन महिने शिजत होता. अमावास्या सहा दिवसांवर आली होती आणि ही अमावास्या चुकवून चालणार नव्हतं. धाकटी छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसाउजेडी तिच्या नजरेतून एक वेलांटी सुटत नसे. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, रात्रीचं दिसणं झपाट्याने कमी होतंय. ठळक तारे अजून काही वर्षं दिसतील. बारीक तारे फार तर या हिवाळ्यापुरते.

"तिथे नको गं," थोरली म्हणाली. "लांबून वाळू वाटते, पण पाय ठेवला की पोटरीपर्यंत चिखल."

"नकाशात तर वाळूच दाखवलीय."

"नकाशाला काय कळतंय? माझी एक चप्पल अजून तिथेच रुतून बसलीय."

ती हसली, आणि हसता हसताच गप्प झाली. अर्धी सोललेली शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. "कधी गेली होतीस?"

"अगं, ते असंच..."

"ताई, कधी?"

"मागच्या अमावास्येला."

मागच्या अमावास्येला थोरलीला ताप होता. निदान फोनवर तरी ती तसं म्हणाली होती. धाकटी सूपचा डबा भरून निघालीच होती, तर "येऊ नकोस, उगाच तुला लागण व्हायची" म्हणून थोरलीने तिला थांबवलं होतं. ते सूप धाकटीने दोन दिवस एकटीने संपवलं होतं.

"ह्यांच्या ऑफिसातल्या चौघांचं अचानक ठरलं," थोरली म्हणाली. "पण म्हणून आपला बेत कुठे मोडला? आपण जातोयच की."

"मला का नाही विचारलंस? होडीत जागा नव्हती?"

थोरली टेबलावरची सालं एका जागी गोळा करू लागली. गोळा करून झाल्यावरही तिचा हात तिथेच फिरत राहिला.

"जागा होती," ती म्हणाली. "राग मानू नकोस. तू असतीस तर माझं सगळं लक्ष तुझ्याकडेच राहिलं असतं. अंधारात तुझा हात धरायचा, तू पाय कुठे टाकतेस ते बघायचं. पाण्यात पडलीबिडली असतीस तर आईला काय सांगितलं असतं मी? एकदा तरी मला नुसतं वर बघायचं होतं गं."

तापाची थाप धाकटीने गिळली असती. हे शेवटचं वाक्य मात्र खरं होतं, आणि तेच घशाखाली उतरत नव्हतं.

"मग बघितलंस?"

"हो."

"कसं होतं?"

थोरलीने मान वर केली. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की आता ती सांगतच सुटेल असं वाटलं. मग तिने घाईघाईने नजर खाली वळवली.

"काही नाही गं. ढगच होते."

धाकटीने फोन उचलला आणि होडीवाल्याला लावला.

"शनिवारसाठी दोघींची होडी सांगितली होती ना, ती नको. एकटीपुरती छोटी द्या. हो, रात्र तिकडेच काढणार."

"वेडी झालीस का?" थोरली खुर्चीवरून उठली. "एकटी जाणार?"

पलीकडून होडीवाल्याने पोहता येतं का म्हणून विचारलं.

"येतं," धाकटी म्हणाली. ती थोरलीकडे बघत होती. "मोठ्या बहिणीला मीच शिकवलंय."