खिडकीतला कप

सासऱ्यांनी स्वतः चहा ओतला. घरच्यांना चिनी मातीचे कप, आणि संघमित्राच्या वडिलांना कामवालीसाठी खिडकीत वेगळा ठेवलेला स्टीलचा!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या लग्नात याच माणसाने जातीविरुद्ध भाषण ठोकलं होतं.

"अगं, हात नकळत गेला," मानसशास्त्र शिकवणारे सासरे हसले. "मेंदू आपल्याआधीच ठरवून मोकळा होतो. माणसाचा काय दोष?"

"हात नकळत गेला असेल, अण्णा. पण कप वेगळा ठेवला कुणी?"

वडील निमूटपणे कप तोंडाला लावणार, तोच तिने तो ओढून सासऱ्यांपुढे धरला. "घ्या, आता तुम्हीच प्या."

त्यांचा हात झटकन मागे गेला. तोही नकळतच, नाही का!