सरड्याचं पत्र

काउंटरवरच्या मुलीनं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, "पत्र बरोबर आहे, मॅडम. पण हे कर्टिस हेगन यांच्या नावाचं आहे. ते कुठे आहेत?"

"ह्याच विमानात," लोरीन हेगन म्हणाली. "खाली. सामानाच्या जागेत."

मुलीच्या छातीवर 'युनिस' अशी पट्टी होती. तिनं संगणकात पाहिलं. डेन्व्हर ते बिस्मार्क, सकाळी अकरा चाळीस, शवपेटी एक. 

लोरीनच्या जाड कोटाच्या आत हातभर लांबीचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला पाळीव सरडा सदऱ्याला धरून बसला होता. त्याचं डोकं तेवढं तिच्या गळ्यापाशी बाहेर आलेलं. कर्टिस जाऊन पाच दिवस झाले होते, आणि ती डेन्व्हरला आल्यापासून त्याचा सरडा तिच्याकडे होता. पत्र म्हणजे जनावराचा दाखला, कुत्र्याला लस टोचल्याचा असतो तसा, अशी तिची समजूत. शेतावर सगळ्या जनावरांचं असंच असतं, कागद दाखवला की जनावर गाडीत चढतं.

"पत्र सरड्याचं नसतं," युनिस हळू आवाजात म्हणाली. "माणसाचं असतं. ह्या माणसाला एकट्यानं प्रवास झेपत नाही, हा प्राणी जवळ असू द्या, असं डॉक्टर लिहून देतात. ते तुमच्या मुलापुरतं होतं. तुमच्या नावाचं पत्र नसेल तर मला ह्याला वर घेता येत नाही. आणि ह्या थंडीत खाली ठेवायला परवानगी नाही."

"मग ह्याचं काय करू?"

"इथे कुणाकडे ठेवता येईल?"

"ह्या गावात माझा मुलगा होता. दुसरं कुणी नाही."

"आवरा हो आजी," रांगेतून एकजण म्हणाला. "आज सरडा आहे, उद्या कुणी मगर घेऊन येईल." दोघंतिघं हसले. लोरीनला राग आला नाही. गेल्या आठवड्यापर्यंत ती स्वतः हेच बोलत होती, आणि ह्याहून लागेल असं.

युनिसनं पत्रावरची तारीख पाहिली. "नोव्हेंबरचं आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी यायचं असेल त्यांना. पण वापरलेलं दिसत नाही."

"मीच वापरू दिलं नाही." लोरीन काउंटरकडे बघत बोलत होती. "सरडा घेऊन येतो म्हणाला. मी म्हटलं, दीड तास खुर्चीत बसायचं, त्याला सरडा कशाला लागतो? माणसासारखा येणार असशील तर ये, नाहीतर राहू दे. त्यानं राहू दिलं."

मगरवाला माणूस आपल्या बुटांकडे बघायला लागला.

युनिसनं घड्याळ पाहिलं. दार बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. पत्राच्या डोक्यावर नंबर होता, तो तिनं काउंटरवरच्या फोनवरून स्वतःच लावला, चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोन लोरीनच्या हातात दिला.

पलीकडे पत्र लिहून देणारी मानसोपचारतज्ज्ञ मार्गो लिंडक्विस्ट होती. कर्टिस चार वर्षं तिच्याकडे जायचा. लोरीन तिला 'डोक्याच्या बाई' म्हणायची. मार्गो म्हणाली, "मिसेस हेगन, तुम्ही माझ्या पेशंट नाही. पण पाच मिनिटं खरं बोललात तर आजपासून व्हाल. मी इथूनच फॅक्स करते."

"मला काही झालेलं नाही," लोरीन सवयीनं म्हणाली. हेगनांच्या घरात कुणालाच कधी काही झालेलं नव्हतं. नवरा गेला त्या संध्याकाळीही तिनं गाईंच्या धारा काढल्या होत्या.

"मग मला काही लिहिता येणार नाही."

बिस्मार्कला शववाहिनी येऊन थांबणार होती. ह्या विमानानं जायलाच हवं होतं. आणि सरड्याला इथे टाकून जायचं तर कर्टिसला दुसऱ्यांदा नाही म्हटल्यासारखं झालं असतं. लोरीननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झोप लागत नाही," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. फोन आला तेव्हापासून."

"एकटीला बसवतं?"

मागे वीस-पंचवीस माणसं उभी होती. युनिस उगाच सामानाच्या चिठ्ठ्या नीट लावत होती.

"नाही," लोरीन म्हणाली. "नाही बसवत. स्वयंपाकघरातही नाही."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज यायला लागला. तो बराच वेळ चालू राहिला. काउंटरवरचे दिवे, लोकांची कुजबुज, काहीच लोरीनच्या डोक्यात शिरत नव्हतं. सहासष्ट वर्षांत तिनं असं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून झालं होतं.

"झालंच," मार्गो म्हणाली. "एक ओळ राहिली, ती मला तुमच्याच शब्दांत लिहावी लागते. तो जवळ असला की तुम्हाला काय होतं?"

लोरीननं कोटात हात घातला. सरडा पोट चपटं करून तिच्या छातीला चिकटला होता. त्याचे डोळे मिटलेले होते.

"मला काही होत नाही," ती म्हणाली. "तो नुसता माझ्या अंगाची ऊब घेत बसतो. सारखी घेतो. माझ्याकडे इतकी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं."