अप्पांचा तारा

कुंभकोणमला कॉलेजात शिकवणारे, पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घरातले कृष्णमूर्ती, म्हणजे अप्पा, वर्षानुवर्षं गच्चीवरून दुर्बिणीतून एकच तारकागुच्छ पाहत. त्यातल्या एका फिकट ताऱ्याचं तेज कमीजास्त होतं, असं त्यांचं म्हणणं. एका परिषदेत त्यांनी ते मांडलं, तेव्हा मोठे शास्त्रज्ञ हसले. "मास्तर, डोळे तपासून घ्या," म्हणाले. अप्पांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यांची मुलगी भवानी बंगळूरला गेली आणि संशोधनासाठी तिनं हट्टानं तोच तारकागुच्छ घेतला. त्यातल्या ताऱ्यांची गती नि तेज मोजण्यात ती इतकी बुडाली, की दोन दिवाळ्या घरी आली नाही. शेवटी सिद्ध झालं. अप्पांचा तारा नुसता त्या दिशेला दिसणारा नव्हे, त्या गुच्छातलाच होता आणि त्याचं तेज खरोखरच बदलत होतं. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ती ही बातमी घेऊन बसनं घरी आली.

दारातच आई म्हणाली, "अप्पा आताशा फार विसरतात ग."

भवानी अप्पांच्या पायाशी बसली. घरच्या मराठीत तिनं सावकाश सगळं सांगितलं. "तारा बदलतो, अप्पा. आता सगळ्यांनी मानलं."

अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी तिला हात जोडले आणि परक्या बायकांशी बोलायच्या तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, हे आधी त्या दुर्बिणीवाल्या मास्तराला जाऊन सांगा. बिचारा वाट बघत असेल."