टिकलीएवढा स्फटिक

मारोतीनं दोन बाटल्या ओसरीवर ठेवल्या. एक वस्तीतल्या बोरिंगची, दुसरी केशवरावांच्या विहिरीची.

"तिथं काऊन गेलता?" द्वारकाबाईनं विचारलं.

"तपासाले, माय. प्यायले नाही."

मारोती आदिलाबादला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. सुट्टीला नेरडीगोंड्याजवळच्या आपल्या गावी येताना आज तो यंत्राची पेटी घेऊन आला होता. पेटीतून त्यानं पेनासारखी कांडी काढली. तिच्या टोकाला टिकलीएवढा पारदर्शक तुकडा बसवलेला होता.

"काच होय?"

"नाही. लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक. लँथॅनम म्हंजे दुर्मिळ धातू. हा पाण्यात विरघळत नाही. अन् पाण्यातलं फक्त फ्लोराइड ओळखते."

"बाकीचं?"

"मीठ असो का चुना, त्याले घेणंदेणं नाही."

"कोण्या जातीच्या हातचं पाणी, तेबी नाही?"

"नाही."

"मंग यालेच सरपंच करा," द्वारकाबाई म्हणाली.

मारोती हसला. त्यानं पाण्यात एक द्रावण मिसळलं आणि कांडी आधी विहिरीच्या पाण्यात बुडवली. यंत्रावरचा आकडा एकाच्या आत थांबला. मग बोरिंगच्या पाण्यात बुडवली. त्याचं हसू गेलं. कांडी धुऊन, पुसून त्यानं पुन्हा बुडवली.

"लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं. आपलं चार हाय. दात अन् हाडं खराब करते ते."

द्वारकाबाईनं बोरिंगची बाटली उचलून उजेडात धरली. त्या बोरिंगसाठी तिनं वस्तीतल्या बायांना घेऊन तहसीलसमोर उपोषण केलं होतं. त्याआधी केशवरावांच्या विहिरीच्या काठाला त्यांना हात लावता येत नसे; कळशी लांब ठेवून, वरच्या जातीचं कोणी येऊन वरून पाणी वाढेपर्यंत उभं राहावं लागे. बोरिंगला पाणी लागलं त्या दिवसापासून वस्तीतली एकही बाई तिकडे फिरकली नव्हती.

"उकळून पिऊ."

"उकळून जात नाही, माय. उलटं वाढते."

उंबऱ्यावर मारोतीची मुलगी करुणा बोरं खात बसली होती. तिचे नवे दात तपकिरी पट्टे घेऊनच आले होते. द्वारकाबाई ते रोज राखुंडीनं घासून घ्यायची. नीट घासत नाही म्हणून परवाच तिनं पोरीला चापट मारली होती.

"दाताचं जाईन का रे ते?"

"नाही. पण पाणी बदललं तर हाडं वाचतीन." मारोती खाली बघत म्हणाला, "आता विहिरीवर कोणी अडवत नाही. करुणाची माय आणंन."

"तिनं ते पाह्यलं नाही. तिले नको धाडू." द्वारकाबाई कळशी घेऊन उठली.

भर दुपारी विहिरीवर कोणी नव्हतं. दोर कप्पीवर मोकळा लोंबत होता. द्वारकाबाईनं कळशी काठापासून लांब, खाली जमिनीवर ठेवली आणि पाणी वाढायला कोणी येईल म्हणून उभी राहिली.