लपवलेला चट्टा

घड्याळजीच्या कोपरावर फिकट, बधिर चट्टा उठला. कळलं तर बायको सोडून जाईल, या धास्तीने तीन वर्षं त्याने घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट काढला नाही. शेवटी बोटांतून बारीक स्क्रू निसटू लागले, करंगळी वाकली, तेव्हा तो दवाखान्यात गेला.

"कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी नक्की बरा होईल," डॉक्टर म्हणाले. "पण बोटं आता पहिल्यासारखी होतील असं नाही. फार उशीर केलात."

घरी येऊन त्याने खाली मान घालून बायकोला सगळं सांगितलं. त्याचा हात पोटाशी धरून ती हमसून हमसून रडली.


"अहो, लग्नाआधी मलाही झाला होता, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी गेला... तुम्ही टाकाल म्हणून कधी बोलले नाही."